जल्लादाचा धाकटा लेक

एका राज्यात राजाला मरण येत नव्हतं. मांत्रिकाला दिलेला शब्द त्याने मोडला होता. मांत्रिकाने शाप दिला, की तुला मरण नाही, आणि तू आहेस तोवर या राज्यात मूल जन्मणार नाही. राजाचं अंग सडलं, पण प्राण जाईना. पोटुशा बाया कळा देत देत मरू लागल्या. आता जल्लादाच्या धाकट्या लेकाची, भिवाची बायको चंद्राई कळा देत होती.

किल्ल्यावर भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळ्याने तोडगा सांगितला. नागाच्या विवरातून तलवार आणावी, जळत्या तळ्यात तिला पाणी द्यावं, आणि जल्लादकीसाठीच जन्मलेल्याने राजाचं मस्तक उतरवावं.

मग काय, सगळ्यांनी थोरल्या खंडेरायाकडे पाहिलं. भिवाला कोण विचारतो! कोंबडी कापताना त्याला घाम फुटायचा. हा आमच्या घरात चुकून जन्मला, असं बापच मरेपर्यंत म्हणायचा. खंडेरायाने नागाच्या फण्यावर पाय देऊन तलवार आणली. जळत्या तळ्यात उतरून तिला पाणी दिलं आणि हसत वर आला.

राहिलं तिसरं काम. त्या घराण्याची रीत अशी, की घाव घालण्याआधी मरणाऱ्याचे पाय धरायचे आणि त्याची आज्ञा मागायची. या सडक्या मढ्याला काय विचारायचं, म्हणत खंडेरायाने सरळ घाव घातला. तलवार मानेवरून उलटली आणि खंडेराय उभ्याउभ्या दगड झाला.

तलवार भिवाने उचलली. दुसरं होतंच कोण? घराकडून ऐकू येणारं चंद्राईचं ओरडणं आता थांबलं होतं. रडत रडत त्याने राजाचे पाय धरले.

"महाराज, माझ्याच्याने हे करवत नाही. पण करणं भाग आहे. आज्ञा असावी."

"तुझीच वाट पाहत होतो," राजा म्हणाला. "आज्ञा आहे."

मस्तक खाली आलं. शाप तुटला आणि घराघरांतून तान्ह्यांचं रडणं ऐकू आलं. युवराज गादीवर बसला आणि त्याने भिवाला पिढ्यानपिढ्यांची जल्लादकी बहाल केली. हा जन्मलाच या कामासाठी, लोक कौतुकाने म्हणाले. भिवा कोपऱ्यात जाऊन भडाभडा ओकला.

घरी चंद्राई जिवंत होती. सुईणीने लेक पुढे धरला. मनगट बघा कसं भरलेलं, म्हणाली, घराण्याचं नाव काढणार हा. भिवाला तो हातात घेववेना.