राजाचे निरोप पायी आले

हिंगणपूरच्या भुजंगराव राजानं शाळेतले वीसच्या वीस टॅब तळघरात टाकायचं ठरवलं. का, तर त्याच्या गुलाबाला कुणी उत्तर दिलं नाही!

गुलाब फोनातला बरं का. शेवंताबाईंनी वर्गाचा एक ग्रुप काढला होता. पोरं त्यावर कविता म्हणून पाठवायची, बाई बेडकाच्या पोटात काय असतं त्याची चित्रं दाखवायच्या. एरवी झाडावर लटकणारी चाळीस पोरं त्या टॅबांपायी वर्गात बसायला लागली होती. मग त्या ग्रुपात राजा घुसला. राजाला नाही कोण म्हणणार? सकाळी गुलाब, दुपारी स्वतःचा घोड्यावरचा फोटो, संध्याकाळी लसणाचे गुण, खाली 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर बघा.' पोरांची गणितं त्याखाली गाडली गेली.

"राजाला उत्तर देत नाहीत म्हणजे काय?" राजा दरबारात गरजला. "बाई, फोनवर कसं वागावं ते या उद्धट कार्ट्यांना शिकवा. मुदत उद्याचा एक दिवस. आणि फोनला, टॅबला कुणी बोट लावायचं नाही. जमलं नाही तर टॅब तळघरात आणि तुम्ही घरी."

शेवंताबाई रडकुंडीला आल्या. त्यांच्या मागं शाळेत खिचडी शिजवणारी सगुणा उभी होती. ती पदराला हात पुसत पुढं झाली.

"महाराज, एवढंच करा. उद्या पोरांना निरोप घेऊन तुमच्याकडं मोकळं येऊ द्या. पहारेकऱ्यांनी अडवायचं नाही."

"येऊ देत की. मला निरोपांचा कधी कंटाळा आलाय?"

दुसऱ्या दिवशी राजा अंगाला तेल चोपडून अंघोळीला बसला, तोच एक पोरगी गुलाब घेऊन हजर. "सुप्रभात, महाराज." राजा खूश. मग दुसरी आली. गुलाब, सुप्रभात. मग तिसरी. अकराव्या गुलाबापर्यंत घंगाळातलं पाणी गार पडलं.

जेवायला बसला तर ताटाशी एक पोरगा. "महाराज, लसूण चोळला की टकलावर केस उगवतात."

राजाचा हात आपसूक मुकुटाकडं गेला. "तुला कुणी सांगितलं?"

"काय की. आलं तसं पुढं ढकलतोय. तुम्हीही अकरा जणांना सांगा, नाहीतर तुमची म्हैस आटेल."

दुपारी जरा डोळा लागला, तर उशाशी आणखी एक, हातात खडूनं काढलेलं चित्र. "हा माझा रेड्यावरचा फोटो. छान म्हणा."

राजानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"पाहिलंत ना? मग उत्तर का नाही?"

राजा मुकुट विसरून, तसाच चकचकीत डोक्यानं शाळेत धावला. "बाई, ही कसली वागणूक? हे वळण लावलंत?"

"काय काय चुकलं पोरांचं?" सगुणानं खिचडी ढवळता ढवळता विचारलं.

"काय चुकलं? माणूस कामात आहे का ते न बघता घुसायचं? तेच ते अकरा वेळा ऐकवायचं? खरं-खोटं न बघता पुढं ढकलायचं? आणि उत्तर दे म्हणून उशाशी बसायचं?"

राजा बोलत होता, तशा शेवंताबाई एकेक ओळ फळ्यावर लिहीत होत्या.

"झाला धडा," सगुणा म्हणाली. "तोही राजाच्या तोंडून. फोनला कुणाचं बोट लागलं नाही."

"पण कार्टी हे चाळे शिकली कुठं?"

"ग्रुपवर. निरोप सगळे तुमचेच, महाराज. पोरांनी पदरचं एकच घातलं."

"काय?"

"आत येताना चपला बाहेर काढल्या."

राजा असा हसला की टकलापर्यंत लाल झाला. टॅब शाळेत राहिले, शेवंताबाई राहिल्या, आणि सगुणाला एक दुभती म्हैस मिळाली. "ही आटायची नाही," राजा म्हणाला. "मी अकरा जणांना सांगून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर राजाचा एकच निरोप आला, तोही वर्ग सुटल्यावर. "बाई, आत येऊ का?"

त्याला चाळीसच्या चाळीस पोरांनी उत्तर दिलं. "या महाराज. चपला बाहेर काढा."