गेनूचा एकच धड फोटो

एका गावात एक भोळा फोटोवाला होता. त्याच गावात पोलीस होते, वॉचमन होते, बंदूकवाले गार्ड होते. एवढी सगळी मंडळी एकाच गावात राहिली की गोष्ट व्हायचीच.

फोटोवाल्याचं नाव गेनू. तो मामाच्या स्टुडिओत काम करायचा. मामाची मुलगी सुगंधा त्याला आवडायची. सुगंधालाही गेनू आवडायचा. का, ते तिला नीट सांगता यायचं नाही. भाच्याला मुलगी द्यायला मामाचीही ना नव्हती. अडचण एकच होती. गेनूने काढलेल्या फोटोत कधी मुंडकं नसायचं, तर कधी नुसतं मुंडकं असायचं.

मामा म्हणाला, "गेन्या, एक धड फोटो आणून दाखव. एकच. तुमचं लग्न लावून देतो."

"आणि नाही आला तर?"

"तर किराणावाल्याच्या मुलाचं स्थळ सांगून आलंय."

सुगंधा आतूनच ओरडली, "गेनू, मला हिंगाच्या वासाने शिंका येतात. नीट काढ!"

झालं. मामाने कॅमेरा गेनूच्या गळ्यात अडकवला.

"चौकातल्या नव्या बँकेचा फोटो आण. कॅलेंडरवर छापायचाय. आणि फोटोत माणूस घे. माणूस असला की फोटोत जीव येतो. समजलं?"

"समजलं."

गेनू बँकेपाशी गेला. बाहेर एकच माणूस होता. स्टुलावर बसलेला गार्ड, मांडीवर बंदूक, डोळे मिटलेले. गेनूने त्याला हलवलं.

"काका, उठा. फोटोत जीव आणायचाय. बंदूक जरा वर घ्या. अजून वर. आता दाराकडे तोंड करा. रागाने बघा. अजून रागाने."

गार्ड अर्धवट झोपेत होता. सांगितलं तसं करत गेला. आतल्या रांगेने पाहिलं तर आपलाच गार्ड आपल्यावरच बंदूक रोखून उभा! अख्खी रांग फरशीवर आडवी झाली. कॅशियर टेबलाखाली गेला आणि तिथून "घ्या, सगळं घ्या" म्हणू लागला. (बंदुकीत गोळी नव्हती. आधीच सांगून टाकते, उगाच जिवाला घोर नको.)

आरडाओरडा ऐकून गार्डची झोप उडाली. त्याने गेनूची कॉलर धरली.

"कुणाला विचारून फोटो काढतोस रे?"

"कुणालाच नाही."

"मग आधी विचारायचं! समोरून हो आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. नीघ इथून!"

गेनू हात हलवत घरी आला. मामा म्हणाला, "बरोबरच बोलला तो. आधी विचारायचं, 'काढू का?' हो आलं तरच काढायचा. समजलं?"

"समजलं."

समजलं म्हणजे गेनूला समजलं. खरी गडबड तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी मामाने त्याला नगरपालिकेच्या बागेत पाठवलं. बागेत सिमेंटचा हत्ती होता. त्याला नुकताच नवा रंग दिला होता.

गेनू हत्तीसमोर उभा राहिला. "काढू का?"

हत्ती गप्प.

"हत्तीदादा, काढू का?"

हत्ती गप्प. गेनू थांबला. ऊन डोक्यावर आलं, डोक्यावरून उतरलं. भेळवाला आला, त्याची भेळ संपलीसुद्धा. गेनू आपला मधूनमधून विचारतोय, "काढू का?"

शेवटी बागेचा वॉचमन आला.

"काय रे, कुणाशी बोलतोयस?"

"हत्तीशी."

"काय म्हणतोय?"

"काहीच म्हणत नाही ना. म्हणून तर थांबलोय."

वॉचमननेही हत्तीकडे पाहिलं. "कान तर केवढे आहेत. ऐकू येत असणार." मग त्याला आठवलं की आपण ड्यूटीवर आहोत. त्याने जोरात शिट्टी मारली. "ए, बागेत असं घुटमळायचं नाही! जोडपी घुटमळतात तेवढी पुरे आहेत मला. आलास, काढलास, सुटलास, असं पाहिजे. चल, फूट!"

गेनू पुन्हा हात हलवत घरी. मामाने कपाळाला हात लावला.

"अरे, सिमेंटला कुणी विचारतं का? वॉचमन काय म्हणाला, ते तरी लक्षात ठेव. फोटोवाल्याने घुटमळायचं नाही. जायचं, काढायचं, पळायचं. समजलं?"

"समजलं."

त्या संध्याकाळी किराणावाल्यांकडून सुगंधासाठी खारकांची पुडी आली. सुगंधाने ती न उघडता फडताळात टाकली. मामाने हळूच उघडली.

मग आला दामूअण्णांचा सोहळा. अण्णांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. मुली, सुना, नाती दिव्यांची ताटं घेऊन ओवाळायला उभ्या होत्या. अण्णा नवीन धोतर नेसून पाटावर बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते फोटोसाठी हसायला तयार झाले होते.

गेनू धावत आत आला. खट् केलं. धावत बाहेर गेला.

अण्णांचं हसू अजून यायचंच होतं.

पळता पळता गेनूने दारातल्या चपलांमध्ये पाय घातले. एक स्वतःची निघाली, एक अण्णांच्या जावयाची. जावई ओरडला, "चोर! चोर!"

चौकात हवालदार भोईटे चहा पीत होते. भोईट्यांचं पोट मोठं आणि मन त्याहून मोठं. बशी खाली ठेवून ते निघाले. गेनू पुढे, भोईटे मागे. 'पळायचं' एवढंच मामाने सांगितलं होतं. कुठवर, ते सांगितलं नव्हतं. तेव्हा गेनू पळतच राहिला. भाजीबाजार झाला, शाळा झाली, स्मशानाची वाट झाली, आणि दोघं फिरून पुन्हा चौकात आले. तिथे भोईट्यांनी त्याला धरलं. बशीतला चहा तोवर थंड झाला होता.

"काय... चोरलंस... रे?"

"फोटो."

"कुणाचा?"

"दामूअण्णांचा."

"दाखव."

गेनूने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवला. फोटोत एक कान होता आणि एक निरांजन.

"बाकीचे अण्णा कुठायत?"

"ते तिथेच आहेत. मी एकटाच पळालो."

भोईट्यांनी टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले, "हे बघ बाळा, माझं वय नाही आता पळायचं. यापुढे पोलीस दिसला की हातातलं खाली ठेवायचं. दोन्ही हात वर करायचे. आणि मोकळं केल्याशिवाय जागचं हलायचं नाही. समजलं?"

"समजलं."

घरी मामा म्हणाला, "हवालदार सांगतात तसंच कर बाबा. फोटो नाही तर नाही, हातपाय तरी धड राहतील."

इकडे किराणावाल्यांचा निरोप आला, परवा मुलगी बघायला येतो. मामी पोहे निवडायला बसली. सुगंधा शेंगदाणे सोलत होती. सोलत कसली, फोडत होती.

दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीतून बोलावणं आलं. फौजदारसाहेबांची बदली झाली होती आणि निरोपाचा ग्रुप फोटो काढायचा होता. नेमकी मामाच्या कमरेत उसण भरली. आता गेनूशिवाय होतं कोण?

निघताना सुगंधाने त्याला दारात गाठलं. "गेनू, आज फोटो धड आला नाही तर उद्या मला किराणावाल्यांपुढे पोहे न्यावे लागतील. तुला चालेल?"

"मला पोहे आवडतात," गेनू म्हणाला.

सुगंधाने त्याच्या गळ्यातला कॅमेरा सरळ केला. "तुला मिळणार नाहीत. त्याला मिळतील."

आता मात्र गेनू घाबरला.

चौकीच्या अंगणात सगळे तयार होते. पुढे खुर्च्या, मागे उभी रांग, त्यामागे बाकांवर चढलेली रांग. मधोमध हार घातलेले फौजदारसाहेब, टोकाला भोईटे. गेनूने कॅमेरा डोळ्याला लावला. समोर पोलीस. जरा डावीकडे फिरवला. पोलीस. उजवीकडे, पोलीस. वरच्या रांगेत तर पोलीसच पोलीस.

गेनूने कॅमेरा जमिनीवर ठेवला. दोन्ही हात वर केले. आणि हलला नाही.

साहेब ओठ न हलवता म्हणाले, "भोईटे, हे काय?"

"पोज असेल, साहेब. फोटोवाला करून दाखवतो, तसं आपण करायचं असतं."

हे खरंच होतं. फोटोवाला हनुवटी वर करतो, आपण करतो. तो मान तिरकी करतो, आपणही करतो. कोणी 'का' विचारत नाही. मीही कधी विचारलेलं नाही.

साहेबांनी हात वर केले. मग सगळ्या चौकीने केले.

"अजून वर का, भोईटे?"

"थोडे अजून, साहेब. त्याचे कोपर सरळ आहेत."

आता कॅमेरा खाली ठेवताना त्याचं बटण दाबलं गेलं होतं. मामाचा कॅमेरा जुना. बटण दाबल्यावर तो जरा विचार करायचा आणि मगच फोटो काढायचा. त्याचा विचार संपला.

खट्!

आणि काय सांगू, फोटो असा आला! कुणाचं मुंडकं कापलेलं नाही. कुणाचे डोळे मिटलेले नाहीत. पट्ट्याचं बक्कल न् बक्कल चमकतंय. फक्त अख्खी चौकी हात वर करून उभी होती. जसे काही दरोडेखोरच चौकी लुटायला आलेत.

साहेबांनी फोटो पाहिला. आधी ते लाल झाले, मग पांढरे झाले. "हा फोटो कुणालाही दाखवायचा नाही! समजलं?"

"समजलं."

गेनू घरी आला. मामा अंथरुणावरून म्हणाला, "आला का फोटो?"

"आला."

"धड?"

"एकदम धड."

"दाखव."

"नाही."

"का रे?"

"कुणालाही दाखवायचा नाही, असं साहेबांनी सांगितलंय."

"मग उद्या पोहे," मामा म्हणाला आणि कूस बदलली.

सुगंधा पुढे आली. "गेनू, दमला असशील. कॅमेरा ठेव इथे आणि आत जाऊन घोटभर पाणी पिऊन ये."

पाणी पिऊ नको, असं साहेबांनी सांगितलं नव्हतं. गेनू आत गेला. परत आला तेव्हा मामा उठून बसला होता आणि डोळे पुसत होता. हसून हसून त्याची उसण निघाली होती.

"फोटो धड आहे रे," मामा म्हणाला. "नाही म्हणायला जागाच नाही."

"शब्द म्हणजे शब्द, बाबा," सुगंधा म्हणाली आणि निवडलेले पोहे गेनूसाठीच केले.

गोष्ट इथे संपवली तर बरं होईल, असं मला दर वेळी वाटतं. पण लग्न राहिलं ना.

लग्नाला सगळी चौकी आली. बँकेचा गार्डही आला, बंदूक घरी ठेवून. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली. सुगंधाने गेनूच्या गळ्यात हार घातला. आता गेनूची पाळी. त्याने हार उचलला आणि थांबला.

"घालू का?"

सुगंधा गप्प. मांडवात नवऱ्या मुलीने तोंड उघडायचं नाही, असं मावशीने तिला बजावलं होतं.

"घालू का?"

सुगंधा गप्प. लोकांच्या हातातल्या अक्षता संपल्या. पोरं खालच्या वेचून पुन्हा टाकू लागली. भटजी म्हणाले, "अहो, घाला!"

"तुम्हाला नाही विचारलं."

कॅमेऱ्यामागून मामा ओरडला, "गेन्या, घाल!"

"समोरून हो आल्याशिवाय नाही. तुम्हीच सांगितलंत, मामा."

शेवटी सुगंधाच दात दाबून म्हणाली, "हो. हो. हो!"

गेनूने हार घातला. मग त्याला पुढचं आठवलं. घुटमळायचं नाही. जायचं, घालायचं, पळायचं.

गेनू पळाला.

मांडवाच्या दाराशी हवालदार भोईटे जिलेबी खात होते. पळणारा माणूस दिसला. सवय ती सवय. जिलेबी हातातच राहिली आणि ते मागे धावले. गेनू पुढे, भोईटे मागे. बँक गेली, चौक गेला, आणि बागेत हत्तीपाशी गेनूने मागे वळून पाहिलं. पोलीस! हातात खाली ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याने फेटा काढून खाली ठेवला. दोन्ही हात वर केले. आणि हलला नाही.

भोईटे हत्तीच्या पायावर टेकले. "पळतोस... कशाला... रे?"

"लग्न झालं."

भोईट्यांनी यावर बराच विचार केला. त्यांचंही लग्न झालेलं होतं. उरलेली जिलेबी खाल्ली, उठले आणि पंगत चुकेल म्हणून घाईने निघून गेले. गेनूला मोकळं करायचं राहूनच गेलं.

गेनू उभा. हात वर. मामा येऊन ओरडून गेला. भटजी सप्तपदीची आठवण करून गेले. वॉचमन शिट्टी मारून दमला. गेनूचं एकच, "हवालदारांनी मोकळं केल्याशिवाय नाही." भोईटे तिकडे जेवून मांडवात घोरत पडले होते. त्यांना उठवायची कुणाची छाती?

उन्हं कलल्यावर सुगंधा आली. शालू खोचलेला, मुंडावळ्या कानामागे टाकलेल्या. तिने गेनूकडे पाहिलं. मग हत्तीकडे पाहिलं. मग हत्तीच्या कानापाशी तोंड नेऊन खणखणीत आवाजात विचारलं, "याला घरी नेऊ का?"

जरा थांबली. मान डोलावली.

"हो म्हणाला. चल."

गेनूचे हात हळूहळू खाली आले. "मला तर कधी म्हणाला नाही."

"तू लांबून विचारलंस."

गेनूने फेटा उचलला, तिच्यामागून चार पावलं चालला आणि पुन्हा थांबला.

"सुगंधा, तुझं ऐकतोय तोवर जरा फोटोचंही विचारून घे ना त्याला."