पाळण्याचं चौथं कडवं

एका राज्यात चुलीतला विस्तव सहसा विझत नसे, आणि विझलाच तर शेजारीण गोवरीवर निखारा ठेवून देई. मागणाऱ्याला निखारा नाही म्हणायचं नाही, कशाला हवा ते विचारायचं नाही, अशी तिथली रीत. गोजराबाईच्या चुलीतला विस्तव सात पिढ्यांचा. नगरीत तोच थोरला, म्हणून अडल्यानडल्याला सारे तिच्या दारी येत.

त्या राज्यात मौनपंथी आले. देवाला गलबला सोसत नाही, गाणं म्हणजे देवाच्या कानाशी गुणगुणणारा डास, असं ते सांगत. राजानं मान डोलावली. मान डोलवायला राजाचं काय जातं? पंथाच्या माणसांनी घरोघरच्या वह्या, पोथ्या, सनया, डफ, एकतारी गोळा केल्या आणि चौकात पुरुषभर उंच ढीग रचला. मग एकजण गोवरी घेऊन गोजराबाईच्या दारी आला. तिला ओट्यावरून ढीग दिसत होता. पण रीत मोडायची कशी, म्हणून तिनं निखारा दिला.

ढीग तीन दिवस जळला. चौथ्या दिवशी राखेला हात लावावा तर ती गारांसारखी थंड. त्याच घटकेला राज्यातली एकूण एक चूल विझली. चकमक झिजली, पण ठिणगी पडेना.

नेमकी त्याच दिवशी गोजराबाईची लेक सुंद्रा बाळंत झाली. पौषाची थंडी. बाजेखाली शेगडी नाही, न्हाऊ घालायला ऊन पाणी नाही. बाळाची नखं निळी पडू लागली. गोजराबाईनं कपाळ बडवून घेतलं. "माझ्याच हातानं दिला गं तो निखारा!"

कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला. तो म्हणाला, "बाई, रडून ऊब येत नाही. अग्नी रुसून काळ्या कड्यावर बसला आहे. जा, त्याला विचार."

बाळाला सुंद्राच्या पोटाशी गोधडीत गुंडाळून गोजराबाई कड्यावर चढली. अग्नी तिथं मुठीएवढा होऊन बसला होता.

"अग्निदेवा, घरी चला. लेकरू गारठलंय."

"कसा येऊ? आजवर लाकडं खाल्ली, तूप खाल्लं, प्रेतं खाल्ली, कधी पोट दुखलं नाही. ही गाणी मात्र पचत नाहीत. पेरणीचं, हळदीचं आणि पाळण्याचं, अशी तीन आडवी अडकली आहेत. तिन्ही अथपासून इतिपर्यंत ऐकव, म्हणजे मी सुटेन. पण तिसऱ्या दिवशी ऊन उतरलं, की मी कायमचा विझेन."

गोजराबाई पदर खोचून निघाली.

पेरणीचं गाणं मुकिंदा नांगऱ्याकडं सापडलं. बंदी आली तरी त्याचे बैल गाण्याशिवाय पाऊल उचलेनात. मग तो त्यांच्या कानात गुणगुणे. गोजराबाईनं पदर पुढं केला, मुकिंदानं त्यात सबंध गाणं म्हटलं, तिनं गाठ मारली. गाठ कोमट लागली.

हळदीचं गाणं ठकूबाईच्या जात्यात होतं. बायका गप्प झाल्या तरी दगडाला कोण गप्प करणार? पण ठकूबाई मोठी बेरकी. "फुकट गात नाही हो आमचं जातं. पाच शेर जोंधळे दळ." गोजराबाईनं दळले. शेवटच्या मुठीला जातं गाऊ लागलं, आणि दुसरी गाठ बांधून होईतो दुसरा दिवस संपला.

आता पाळणा तेवढा उरला. तो तर घरोघरी ठाऊक, असं समजून ती दारोदार हिंडली. प्रत्येकीला दोनच कडवी येत. दुसऱ्या कडव्याला मूल झोपे, आणि झोपल्या मुलापुढं गातं कोण? पुढचं फक्त वहीत होतं, आणि वही जळून गेली होती. गोजराबाई रस्त्यातच मटकन बसली.

तोच भारद्वाज समोरच्या फांदीवर उतरून म्हणाला, "ज्यानं ती वही शेवटपर्यंत वाचली, त्याच्याकडं जा."

"असा कोण आहे?"

"ज्यानं ती जाळायला काढली, तो."

मौनपंथात वैकुंठबुवा नावाचा तपासनीस होता. कुठल्या वहीत काय पाप आहे ते हुडकणं, हे त्याचं काम. मठात तो एकटाच घोंगडीत कुडकुडत बसला होता.

"बुवा, पाळण्याची पुढची कडवी सांगा."

बुवानं ओठांवर बोट ठेवलं.

"पंथाचं मौन असेल. माझं नातवंड मरतंय. तुम्हांला दोष देत नाही, बुवा. निखारा माझ्याच चुलीतला होता."

बुवाचा चेहरा पालटला. कित्येक वर्षांनी तो बोलला, म्हणून आवाज खरखरीत आला. "चौथं कडवं आक्षेपार्ह होतं, बाई. ते मी अकरा वेळा वाचलं. एकदा वाचूनच दोष कळला होता. पुढच्या दहा वेळा... मला ते फार आवडलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि वहीवर जाळण्याची खूण केली."

"मग आता सांगा. माझ्या पदरात म्हणा."

"पदरात नको. ज्याला खाऊ घातलं, त्याच्यासमोरच म्हणतो."

म्हातारा अनवाणी कडा चढला. ऊन उतरायला लागलं होतं. गोजराबाईनं पहिली गाठ सोडली, शेतं डोलल्यासारखं गाणं झालं. दुसरी सोडली, हळदीचा वास आला. मग बुवानं गळा साफ केला. पहिली तीन कडवी जेमतेम निघाली. चौथ्या, शेवटच्या कडव्याला त्याचा आवाज मोकळा झाला.

*घंटा तुझी देवा, जरा धर हाती,*
*आत्ताच मिटली रे डोळ्यांची पाती.*
*आरती तुझी मी करीन सकाळी,*
*आज बैस उगा बाळाच्या जवळी.*

"आई देवाला गप्प बस म्हणते, हा तो दोष," बुवा म्हणाला आणि ढसढसा रडला.

अग्नीनं मोठा सुस्कारा टाकला. तो हातभर झाला, पुरुषभर झाला, आणि मग शहाण्या लेकरासारखा गोवरीवर येऊन बसला. खाली नगरीत एकेक धुराडं धुरकटू लागलं.

सुंद्राच्या बाजेखाली शेगडी पेटली. बाळाची नखं गुलाबी झाली, आणि ते असं कडकडून रडलं की तीन आळ्यांतून बाया धावत आल्या. गोजराबाईनं मुकिंदाच्या बैलांना गूळ चारला, ठकूबाईच्या जात्याला हळदकुंकू वाहिलं. मग ती बुवाच्या पाया पडली. बुवा मागं सरकला.

"पायांना हात लावू नका, बाई. मी जाळणारा."

"जाळलंत ते मी विसरायची नाही. उरलं तेही तुमच्यामुळंच, तेही विसरायची नाही. माझं बाळ जगलं, बुवा. तुमचे उपकार आहेत."

राजानं भर चौकात आपली चूक कबूल केली. मौनपंथ्यांना सांगितलं, "तुमचं मौन तुमच्यापाशी सुखानं राहो, दुसऱ्याच्या वहीला हात नको." लेखक बसवले. बुवा सांगे, ते लिहीत. त्यानं दोष शोधायला शब्दन् शब्द वाचला होता, म्हणून शब्दन् शब्द परत आला.

विस्तव परतला त्या पहिल्या संध्याकाळी मात्र अजून लेखक नव्हते. बाळ पुन्हा कुरकुरलं, तेव्हा बुवानं पाळण्याची दोरी धरली. दुसऱ्या कडव्याला बाळ झोपलं. बुवा थांबला.

सुंद्रा बाजेवरून हळूच म्हणाली, "थांबू नका, बुवा. माझ्या आईनंही आजच्या आधी पुढचं कधी ऐकलं नव्हतं. आम्हां दोघींसाठी म्हणा."

बुवानं म्हटलं. मायलेकी ऐकत राहिल्या. त्यांना जशी ऊब मिळाली, तशी ऐकणाऱ्या सगळ्यांना मिळो.