ठकूबाईचं वाण

गोदाकाठच्या पिंपळदरीत चांगोजी महाराज काही वर्षं राहिले. नदीच्या वळणावर त्यांची झोपडी होती आणि तिथं सडासारवण करायला ठकूबाई नावाची म्हातारी रोज येई. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. पण भक्तहो, गावचे हैबतराव देशमुख आज ताठ मानेनं चालत होते ते तिच्यामुळे. त्यांची आई बाळंतपणात गेली, तेव्हा याच ठकूनं त्यांना अंगावर पाजून जगवलं होतं.

हैबतरावांना ती आठवणही नकोशी वाटे. "बाबांनी तिला घर दिलं, धान्य दिलं. आता काय डोक्यावर घेऊन नाचू?" असं ते चारचौघांत म्हणत.

पिठोरी अमावास्येला आई दिवसभर उपास करते. संध्याकाळी खिरीचं वाण खांद्यावरून मागे धरते आणि मान न वळवता विचारते, "अतीत कोण?" म्हणजे, अतिथी कोण आलं आहे. मागचं मूल "मी" म्हणतं आणि वाण घेतं. ठकूबाईही दरवर्षी विचारी. उत्तराला कुणी नसे. कुंपणाआडून देशमुखांची दोन मुलं तेवढी 'काव काव' करून खिदळत. हैबतरावांनी त्यांना कधी हटकलं नाही. उलट "कावळेच तिची लेकरं" म्हणून तेही हसले.

त्या वर्षी अमावास्येच्या सकाळी ठकूबाई महाराजांना म्हणाली, "यंदा वाण करीत नाही, महाराज. आता विचारवत नाही."

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "ठकाई, एवढ्या वेळी विचार. मग नको विचारूस."

संध्याकाळी देशमुखांच्या घरी हैबतरावांच्या पत्नीनं, वहिनीसाहेबांनी, वाण मागे धरलं. "अतीत कोण?" मुलांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. मुलं घाबरून मुकीच रडू लागली. हैबतरावांनी दोघांना उचललं आणि अनवाणी झोपडी गाठली.

महाराज शांतपणे म्हणाले, "हैबतराव, आज पोळा. बैलांच्या पाया पडलात?"

"पडलो, महाराज."

"मुलांनाही पडायला लावलंत?"

"हो. वर्षभर राबतात ते आपल्यासाठी."

"आणि जिचं दूध प्यायलात, तिच्या?"

हैबतरावांची मान खाली गेली.

"लेकरं तुमचंच पाहून शिकली. जा, ती अजून वाण धरून बसली आहे."

ठकूबाईचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी बसली होती आणि खांद्यावरून वाण मागे धरलेलं होतं. "अतीत कोण?" तिनं विचारलं. उत्तराची आशा त्या आवाजात उरली नव्हती.

"मी आहे, माय. हैबती."

"मी," मुलगी म्हणाली. "मी," मुलगा म्हणाला. गेलेले आवाज परत आले होते.

ठकूबाईनं रीत मोडली नाही, मान वळवली नाही. फक्त तिची पाठ गदगदू लागली. ताटात दोन वाट्या होत्या. हैबतरावांनी एक घेतली.

"दुसरी कुणाची, माय?"

"माझ्या महादूची. तुझ्याच वयाचा होता. दूध दोघांना पुरेना. तुला आई नव्हती, म्हणून तुला आधी पाजत गेले."

हैबतरावांना हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. खीर त्यांच्या तोंडापर्यंत जाईना. वाटी खाली ठेवून, समोर येऊन त्यांनी ठकूबाईच्या पायांवर डोकं टेकलं आणि ते लहान मुलासारखे रडले. मुलं बापाकडे बघत राहिली. मग कुणी न सांगता तीही वाकली.

महादूची वाटी तशीच भरलेली राहिली.