पितळी पाटीचा पगार

तालुक्याच्या सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत अध्यक्ष बापूसाहेबांनी पेढे वाटले, तेव्हाच रोखपाल वत्सलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. एकोणीस वर्षांत ज्या माणसाने साधा चहा पाजला नाही, तो फुकट पेढा देईल होय? त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

मग बापूसाहेबांनी साऱ्या सभासदांसमोर त्यांना एक पितळी पाटी दिली. ‘वत्सला लोखंडे, वरिष्ठ उपव्यवस्थापक.’

बाईंनी पाटी उलटून पाहिली. मागे काहीच नव्हतं.

“साहेब, पगार किती वाढला?”

“अहो बाई, पगाराचं काय घेऊन बसलात! माणसाची किंमत हुद्द्यावरून होते.”

टाळ्या पडल्या. बाईंच्या घराचं छप्पर गळत होतं, आणि त्यासाठीचं कर्ज बापूसाहेबांनीच गेल्या महिन्यात नाकारलं होतं. तेव्हापासून पिशवीत पडलेला तो अर्ज त्यांनी काढून पुढे केला.

“मग करा सही. आता हुद्दा मोठा आहे माझा.”

बापूसाहेब खवळले. “कर्ज काय हुद्दा बघून देतात? बँक पगार बघते, पगार!”

“ऐकलंत ना मंडळी?” बाई सभासदांकडे वळल्या. “या हुद्द्यावर साहेबांची स्वतःची बँक छपराला एक पत्रा देत नाही. मग ही पाटीच ठोकते भोकावर. तेवढंच पाणी थांबेल!”

सभा खदखदून हसली, आणि पगारवाढीचा ठराव बापूसाहेबांना तिथल्या तिथे मांडावा लागला. बाईंनी त्यावरची एकेक सही तपासली, आणि मगच पेढा तोंडात टाकला.