गुंडूला हवं रुईचं पान

इकडे या, कान इकडे करा. एक होता सुरवंट. केवढासा? तुमच्या करंगळीएवढा. अंगावर काळे पट्टे, पिवळे पट्टे. डोक्यावर इवली इवली शिंगं. त्याचं नाव गुंडू.

देवळामागे होती एक छोटी रुई. गुंडू तिच्या पानावर बसायचा. कुरुम कुरुम पान खायचा. दुसरं काही म्हणजे काही खायचा नाही. भारी नखरेल!

एक दिवस आला भिवामामा. देवळामागचं अंगण साफ करत होता. "काय हे रान माजलंय!" मामा म्हणाला. खाली बघितलंच नाही. टाकली फरशी. धप्प!

रुई गेली फरशीखाली. पान गेलं फरशीखाली. गुंडू पडला बाजूला, टपकन. पोटात भुकेचा डोंब उसळला. गुंडू रडला का? छे! गुंडू म्हणाला, "माझं पान मी मिळवणारच."

फरशीच्या फटीतून डोकावला.
"रुईताई, रुईताई, पान दे!"
"कसं देऊ रे? डोक्यावर बसलीय फरशी. फरशी हटली, तर देईन."

निघाला गुंडू. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक.
"फरशीबाई, फरशीबाई, बाजूला हट!
रुई पान देईना,
माझं पोट भरेना!"
"मला काय पाय आहेत? भिवामामानं उचललं, तर हटेन."

निघाला गुंडू. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक. भिवामामा ओट्यावर पाय पसरून बसलेला. गुंडू चढला त्याच्या अंगठ्यावर.
"भिवामामा, भिवामामा, फरशी उचल!
फरशी हटेना,
रुई पान देईना,
माझं पोट भरेना!"

मामा हसला. "कसली रुई? ते रान रे, रान! मी कुंडीत गुलाब आणलाय. त्याचं पान खा की."
गुंडूनं चाखलं. थू थू थू!
"मग बस तसाच. माझ्या पोटात कावळे ओरडतायत. माझ्या बहिणीनं, साळूमावशीनं, शेंगांची आमटी दिली, तर उठेन."

निघाला गुंडू. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक. साळूमावशी चुलीपाशी.
"साळूमावशी, साळूमावशी, आमटी कर!
मामा उठेना,
फरशी हटेना,
रुई पान देईना,
माझं पोट भरेना!"
"अरे बाळा, नुसत्या पाण्याची आमटी करू होय? शेवग्यानं शेंगा दिल्या, तर करीन."

निघाला गुंडू. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक. शेवगा दारातच उभा.
"शेवगेदादा, शेवगेदादा, शेंगा दे!
मावशी आमटी करीना,
मामा उठेना,
फरशी हटेना,
रुई पान देईना,
माझं पोट भरेना!"
"फुलं बघ माझी, केवढी! पण नुसत्या फुलांच्या शेंगा होत नसतात. मधमाशी आली, तर देईन."

निघाला गुंडू. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक. मधमाशी भिंतीवर पंख पाडून बसलेली.
"मधमाशीताई, मधमाशीताई, शेवग्यावर उड!
शेवगा शेंगा देईना,
मावशी आमटी करीना,
मामा उठेना,
फरशी हटेना,
रुई पान देईना,
माझं पोट भरेना!"
"बाई गं! शेवगा केवढा उंच! पंखांत जोर नाही रे. खालची रानफुलं मामानं उपटली. जवळच थेंबभर मध मिळाला, तर उडेन."

गुंडू गेला कुंडीपाशी. "गुलाबराव, गुलाबराव, मध आहे?"
"मध? छे बुवा! मी नुसता दिसायला."

निघाला गुंडू. लुटुक लुटुक, लुटुक लुटुक. पाय दुखले. तरी निघाला. नळापाशी ओल होती. ओलीत होता माका. त्याला एकच फूल. पांढरं, बटणाएवढं. मामाला दिसलंच नव्हतं!
"माकेदादा, माकेदादा, मध दे!
मधमाशी उडेना,
शेवगा शेंगा देईना,
मावशी आमटी करीना,
मामा उठेना,
फरशी हटेना,
रुई पान देईना,
माझं पोट भरेना!"

माका म्हणाला, "मध? घे की!"

ऐकलंत? "तर" नाही, "पण" नाही. घे की! गुंडूला असा आनंद झाला, की तो जागच्या जागी गोल फिरला.

मग काय!
माक्यानं मध दिला.
मधमाशी उडाली. गुंग गुंग गुंग!
शेवग्यानं शेंगा दिल्या. लोंब लोंब लोंब! गोष्टीतल्या शेंगा त्या, त्यांना कसला उशीर?
मावशीनं आमटी केली. रट रट रट!
मामानं आमटी ओरपली. सुर्र सुर्र सुर्र! आणि मामा उठला.
फरशी हटली. सर्रर्र!
रुई उभी राहिली. टुण्णकन!

मामा बघतच राहिला.
"अरेच्चा! ही तर रुई! आणि मी येडा दर शनिवारी ओढ्यापलीकडे जातो. मारुतीच्या माळेला रुईची पानं आणायला! हिलाच मी रान म्हणालो!"

मामानं कपाळावर हात मारला. मग हात पुढे केला.
"आज शनिवारच आहे. तोडतो पानं."

गुंडूनं शिंगं उभारली. "हात नको लावू! पान माझं आहे!"

एवढासा गुंडू. एवढा मोठा मामा.

मामा खाली बसला. त्यानं पान बघितलं. पानाची कड कुरतडलेली. त्यानं गुंडू बघितला. गुंडूचं पोट खपाटीला गेलेलं. मामाला वाईट वाटलं.
"तुझंच पान रे बाबा. मी खाली बघायला हवं होतं. मारुतीची माळ थांबेल. तुझं पोट थांबायचं नाही."

मामानं गुंडूला बोटावर घेतलं. अलगद पानावर ठेवलं.

कुरुम कुरुम कुरुम.
गुंडूनं कड खाल्ली. मधला भाग खाल्ला. देठसुद्धा खाल्ला. आणि ढेकर दिली. केवढी? एवढुशी!

पान मिळालं गुंडूला, गोष्ट मिळाली तुम्हाला!