कोरफडीला अग्नीचा वर

पूर्वी कृतयुगात, धर्म चारही पायांवर उभा होता आणि असुरांना वर मागण्याखेरीज फारसा उद्योग नव्हता, तेव्हा पूयक नावाच्या असुराने घोर तप करून ब्रह्मदेवाला प्रसन्न केले.

"पितामह, मला इतके सूक्ष्म करा की मी कोणाच्याही दृष्टीस पडू नये. देव, मानव, शस्त्र, मंत्र, कशानेही मला मरण नसावे."

"आणि वनस्पती?"

"पाला? तो शेळ्यांसाठी असतो!"

"तथास्तु," ब्रह्मदेव म्हणाले. वर देण्याच्या बाबतीत मागच्या अनुभवावरून ते काही शिकल्याचे कोठेही आढळत नाही.

त्याच काळी पयोष्णीच्या तीरी हव्यकेतू ऋषींचा आश्रम होता. तेथील आम्रवृक्ष होमधूमाने सावळले होते आणि पोपटांनाही स्वाहाकार पाठ होता. एके दिवशी आहुतीच्या वेळी कढत तुपाचे पात्र कलंडले आणि ऋषिपत्नी कुशवतीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ती पाण्याकडे धावली, तोच हव्यकेतू गरजले, "थांब! अग्नी साक्षात पावक आहे. त्याने केलेल्या जखमेहून शुद्ध असे त्रैलोक्यात काही नाही. ती धुणे हा त्याचा अपमान होय!"

"साधु, साधु!" सारे ऋषी म्हणाले. हात त्यांचा नव्हता.

त्या उघड्या जखमेत पूयक सपरिवार शिरला. हात सुजला, सडू लागला. ज्वर मस्तकी चढला. ऋषींनी मंत्रघोष चालवला, त्याने असुराला छान झोप लागे. प्राण कंठाशी आले, तेव्हा कुशवती कुंडाशी जाऊन म्हणाली, "अग्निदेवा, जन्मभर तुला तूप वाढले. बाहेर ये आणि तुझा प्रसाद बघ!"

अग्नी प्रकटला. हव्यकेतूंनी तत्काळ स्तोत्र आरंभले.

"स्तोत्र राहू द्या, मुनिवर. मी असतो तोवर शुद्ध करतो. मी गेल्यावर ती जखम म्हणजे दार मोडलेले घर. त्यात चोर शिरला आणि तुम्ही उंबऱ्यावर माझी स्तुती करत बसलात!"

"पण भगवन्, शास्त्र..."

"शास्त्र माझ्याविषयी ना? मग मला एकदा विचारायचे होते."

अग्नी वनात गेला. वृक्ष थरथरले. कडुनिंब म्हणाला, "आज समिधा हव्यात, की वणवाच पेटवायचा बेत आहे?"

"आज कुशवतीच्या जखमेसाठी याचना करायला आलो आहे," अग्नीने मस्तक लववले. वृक्षांनी पाने आवरून घेतली.

तेव्हा आश्रमाच्या कुंपणाबाहेरच्या मुरमातून कोरफड बोलली, "होमाच्या कामाची नाही म्हणून ऋषींनी मला इथे फेकले. पण भांडी विसळून झाली की माता कुशवती उरलेले पाणी मलाच घालत असे. माझे पान चिरा."

"मग आधी माझ्या पाल्याच्या काढ्याने जखम धुवा," कडुनिंब ओशाळून म्हणाला.

ते युद्ध वीतभर रणभूमीवर झाले. वज्राला जो दिसला नसता, तो पूयक कडुनिंबाच्या कडू लोटात गुदमरला आणि कोरफडीच्या शीतल गरात "पाला! पाला!" असा आक्रोश करत ससैन्य मेला. ज्वर उतरला. कोवळी त्वचा धरू लागली.

प्रसन्न अग्नीने कोरफडीला वर दिला, "तू रणरणत्या उन्हात उभी राहा, तुझ्या पानातले पाणी मी आटवणार नाही. आणि जिथे मी नित्य पेटेन, त्या घराच्या दाराशी तुला मान मिळेल."

हव्यकेतूंनी स्वहस्ते कोरफड कुंडाशेजारी लावली. "पाणी घातलेत?" कुशवती रोज विचारी. "घातले," ते म्हणत. यावर त्यांनी एकही भाष्य रचले नाही, हा त्यांच्या तपाचा कळस होय.

पावकाच्या शुद्धतेवरची त्यांची सूक्ते कालौघात लुप्त झाली. कोरफड मात्र अजून स्वयंपाकघराच्या दाराशी, फुटक्या डब्यात का होईना, उभी आहे.